दोन डिस्क आणि हिराबायचे धवले

संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "शांतपणे एका जागी बसा आणि आठवेल तसं लिहा." आठवेल तसं जमेल. शांतपणे आणि एका जागी, हे मला जन्मात जमलेलं नाही. एवढं लिहिताना मध्येच उठून गॅस बंद आहे का बघून आले. बंदच होता. आमच्या ह्यांचं म्हणणं, हिच्या पायाला भिंगरी आहे. मी म्हणते, भिंगरी पायाला नाही, डोक्याला आहे, आणि ती धंद्याने लावली.

धंदा म्हणजे कॉम्प्युटर जोडून देणं आणि बिघडलेले दुरुस्त करणं. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात एका बिल्डिंगखाली माझा गाळा होता. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स मी लग्नाआधीच केला होता. कॉम्प्युटर घरोघरी यायला लागले तसं ते शिकले, थोडं पुस्तकातून आणि बरंचसं स्वतःच्या पैशाने पार्ट जाळून. गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या खांद्यावरून आत डोकवायचं. "भाऊ नाहीत का?" मी म्हणायची, "भाऊ ऑफिसला गेलेत. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. तुम्ही बोला."

बाहेरच्या माणसाला वाटतं, कॉम्प्युटर जोडणं म्हणजे मोठी बुद्धी लागत असेल. नाही हो. खोबण दिसली की तिच्यात बसेल ते बसवायचं. बुद्धी लागते ती हार्ड डिस्कच्या बाबतीत. बाकी सगळं जळलं तर नवं आणता येतं. डिस्कमध्ये माणसाचं सामान असतं. एवढीशी पेटी, आत आरशासारखी गुळगुळीत चकती गरगर फिरत असते आणि तिच्यावर एक बारीक काटा तरंगत असतो. तरंगतो तोवर ठीक. टेकला की संपलं. आणि हे सांगून होत नाही. काल चांगली असलेली डिस्क आज 'टक् टक्' करते आणि गप्प होते. त्यात आमच्याकडची खारी हवा आणि वेळीअवेळी जाणारी वीज. मला तो आवाज ऐकण्याचा नादच लागला होता. कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेले तरी कान त्यांच्या टेबलाखाली. यजमानीण अत्तर लावतेय आणि मी विचारतेय, "अहो, हा आवाज कधीपासून येतोय?"

त्याच सुमाराला मदरबोर्डवर रेडची सोय यायला लागली. रेड म्हणजे दोन किंवा जास्त डिस्क एकत्र बांधून त्यांच्याकडून एकीसारखं काम करून घेणं. मी मोठ्या हौसेने दुकानाबाहेर पाटी लावली, 'येथे रेड करून मिळेल'. लावली ती लावली. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "ताई, कुणावर करायची?" समोरचा किराणावाला तर दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होता. शेवटी पाटी काढली.

घरच्या कॉम्प्युटरला दोनच डिस्क परवडायच्या, म्हणजे निवड दोन प्रकारांतली. झिरो आणि वन. झिरोमध्ये प्रत्येक गोष्टीचे तुकडे करून अर्धे या डिस्कवर, अर्धे त्या डिस्कवर लिहितात. दोघी मिळून काम करतात म्हणून वेग दुप्पट, जागाही दोन्हींची मिळते. पण एक गेली की दुसरीवर उरतात ते नुसते तुकडे. अर्ध्या फाडलेल्या पत्रिकेवरून लग्नाला कसं जाणार? वनमध्ये एकीवर लिहिलं की तेच्या तेच दुसरीवर. एक मेली तरी दुसरी जशीच्या तशी हजर. याला मिरर म्हणतात, आरसा. मात्र दोन डिस्क घेऊन जागा मिळते एकीचीच, आणि हे मराठी माणसाच्या गळी उतरवणं फार अवघड. वसईचे एक शेअरवाले आजोबा होते, त्यांनी हट्टाने झिरो करून घेतली आणि वर कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधली. मी म्हटलं, आजोबा, हा सगळ्यात स्वस्त बॅकअप आहे. आणखी एकाला आरसा करून दिला, तर महिन्याभराने तक्रार घेऊन आला. उघडून बघते तर डिस्क एकच. "दुसरी नुसतीच पडून होती ना," तो म्हणाला, "मेव्हण्याच्या कॉम्प्युटरला बसवली." पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे.

पण लिहायला बसले ते यांच्यासाठी नाही. जगदीशसाठी बसले.

जगदीश कळंबचा. घरचा धंदा मासेमारीचा, हा मात्र शिकून सरकारी कचेरीत चिकटला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, मला रेड पाहिजे. झिरो."

"झिरोच का?"

"एकच्या आधी झिरो येतो ना. म्हणजे तो वरचा नंबर असणार."

मी कपाळाला हात लावला आणि त्याला बसवून घेतलं. "आधी सांगा, ठेवायचं काय आहे त्यात?" तर म्हणाला, "आईचा आवाज."

त्याची आई, हिराबाय, ही धवलारीण होती. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत लग्नात भटजीच्या आधी तिचा मान. हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला हवा. धवला म्हणजे त्या त्या वेळचं गाणं. कुठे लिहिलेलं नाही, सगळं तोंडपाठ, आणि क्रम चुकवायचा नाही. हिराबायचा एक नेम होता. मांडव नाही तर धवला नाही. घरी बसून, कुणी सांगितलं म्हणून, ती एक ओळ गायची नाही. त्यामुळे जगदीश वर्षानुवर्षं लग्नालग्नात मांडवाच्या खांबाशी टेपरेकॉर्डर घेऊन बसला होता. पिशवीभर कॅसेटी जमल्या, पण खाऱ्या हवेने फितींना बुरशी धरली. आता ते सगळं कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं होतं.

"मग झिरोचं नाव काढू नका," मी म्हटलं. "वन. आरसा."

त्याने घसा खाकरला, जागेचा हिशोब घातला, चेहरा वाकडा केला, पण ऐकलं. मी स्वतः कळंबला जाऊन कॉम्प्युटर बसवून दिला. हिराबाय पडवीत सुकटं निवडत होती. ठसठशीत बाई, नाकात मोठी नथ, आवाज असा की वाडीच्या त्या टोकाला ऐकू जावा. जगदीश तिला सांगायला लागला, "आये, यात रेड बसवलंय."

"रेडा?" ती म्हणाली. "गोठ्यात जागा नाय का, तो टेबलाखाली बांधलास?"

तिची सून, सुरेखा, पदर तोंडाला लावून हसत सुटली. मलाही हसू आवरेना. मग मी हिराबायला समजावलं की आत दोन पेट्या आहेत, एक बिघडली तरी दुसरीत तुमची गाणी राहतील. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "मी जित्ती हाय अजून, पोरी," एवढंच म्हणाली आणि सुकटं निवडायला लागली.

जगदीशने महिनाभर रोज ऑफिसातून आल्यावर एकेक कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेतली. फिती इतक्या खराब होत्या की एकदा वाजल्या त्या शेवटच्याच, परत एकही लागली नाही. मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आरसा म्हणजे वेगळी प्रत नव्हे. आरशासमोर तुम्ही कुंकू पुसलंत तर आरशातलंही पुसलं जातं. म्हणून सीडी काढा आणि ती दुसऱ्याच घरात ठेवा. हे मी सगळ्यांनाच सांगायची आणि सगळे मान डोलवून विसरायचे. जगदीश विसरला नाही. त्याने सीडी काढली, नाव घातलं, बहिणीच्या घरी नेऊन ठेवली. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत हा एकटा असा निघाला, की ज्याने मी सांगितलेला शब्द न् शब्द पाळला. मी इतरांना त्याचं उदाहरण द्यायची.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. गणपती नुकतेच होऊन गेले होते. एक दिवस सकाळी रिक्षातून सुरेखा उतरली, कडेवर कॉम्प्युटर, आणि मागून जगदीश. सुरेखा नेहमीची हसरी बाई, पण त्या दिवशी चेहरा ओढलेला. ती म्हणाली, "ताई, आयेला पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक शब्द येत नाय. आनि याच्यातली गानी दिसत नायत."

मी जगदीशकडे पाहिलं. तो पाटीवरचे भाव वाचत होता.

"तुळशीच्या लग्नानंतर माझ्या ननंदेच्या पोरीचं लगीन हाय," सुरेखा म्हणाली. "आयेची पहिली नात. आयेच्या मागं धवले मीच गायचे, असं आयेनं कधीच ठरवलंय. मी तिच्या बाजूला बसून मागनं ओळ ओढायचे, पण पुढं कधी गायले नाय. क्रम मला ठाव नाय. मला ती गानी पायजेत, ताई. नायतर परक्या गावची धवलारीण आनावी लागंल, आयेच्या डोळ्यांदेखत."

तिला औषधं घ्यायची होती म्हणून ती नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेली. मी कॉम्प्युटर उघडला. एक डिस्क बघितली. ठणठणीत. दुसरी बघितली. तीही ठणठणीत, आणि पहिलीसारखीच रिकामी. गाण्यांचा फोल्डरच नाही. डिस्क मरते तेव्हा अशी वागत नाही. मी म्हटलं, "जगदीशभाऊ, हे आपोआप झालेलं नाही."

त्याने घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग म्हणाला, "मी पुसली."

मी उठले, पंखा मोठा केला, परत बसले. तो खाली बघून सांगत होता. आई इस्पितळात असताना थोरले काका भेटायला आले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, मांडव नसताना धवले वाजवलेस, रोज संध्याकाळी मशीनवर वाजवलेस, आईचा आवाज काढून डब्यात कोंडलास, मग तिच्यात कुठून राहील? त्या रात्री जगदीशने घरी येऊन सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी बहिणीकडून सीडी आणली.

"सीडी कुठे आहे?"

"विसर्जन केली."

"काय केली?"

"दर्यात. फेकायची कशी, आईचा आवाज होता. हार घातला आणि सोडली."

आजवर मी लोकांना आगीपासून, पाण्यापासून, चोरापासून, मेव्हण्यापासून सामान कसं वाचवायचं ते सांगत आले होते. विसर्जनावर माझ्याकडे तोड नव्हती. मला त्याचा असा राग आला की हातातला स्क्रूड्रायव्हर फेकून मारावासा वाटला, आणि त्याच वेळी त्याची इतकी दयाही आली की पाणी आणून दिलं. हा बाबा कचेरीत सगळ्या कागदांना शिक्के मारणारा, फाइल नीट लावणारा माणूस. आईची वाचा गेली आणि ती आपल्यामुळे गेली असं समजून एवढे दिवस गप्प बसला होता.

"सुरेखाला ठाऊक आहे?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग आता सांगायचं. माझ्यासमोर सांगायचं. नाहीतर मी या मशीनला हात लावणार नाही."

सुरेखा औषधं घेऊन आली आणि त्याने सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने औषधांची पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "मला ईचारायचं तरी." आणि पिशवी उचलून रिक्षात जाऊन बसली.

पुढचे काही दिवस माझं चित्त कशात नव्हतं. तुम्हाला धंद्यातली एक गोष्ट सांगते. फाइल पुसली म्हणजे आतलं गाणं लगेच जात नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते ना, तिच्यातलं नाव खोडलं जातं. पानं तिथेच असतात, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आणि जगदीशने पुसल्यानंतर घाबरून मशीन बंद केलं होतं आणि वर धुतलेलं धोतर टाकलं होतं. त्या धोतराने गाणी वाचवली. पूर्ण नाही. गणपतीत पाहुण्यांच्या पोरांनी धोतर काढून एक गेम टाकला होता. तेवढ्या पानांवर गेम लिहिला गेला होता, आणि आरसाच तो, दोन्ही डिस्कवर त्याच जागी.

मी एक डिस्क काढून कपाटात ठेवली, तिला हात लावायचा नाही असं ठरवून, आणि दुसरीवर काम सुरू केलं. पुसलेलं शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं की ते डिस्कचा कोपरा न् कोपरा धुंडाळतं, आणि तोवर आपण फक्त बघत बसायचं. मला बसवत नव्हतं. मी गाळ्यातून बाहेर जायची, किराणावाल्याशी उगाच बोलायची, परत यायची. पडद्यावरची पट्टी तिथेच. घरी वरणाला मीठ पडायचं नाही. ही बाई मला कोण लागत होती? पण तिचं ते 'मी जित्ती हाय अजून' कानातून जात नव्हतं. आपणच तिला सांगितलं होतं, दुसऱ्या पेटीत गाणी राहतील म्हणून.

राहिली. बरीचशी निघाली. पण एकाही फाइलला नाव नव्हतं. नुसते आकडे, तेही वाटेल तसे. काही गाणी मधूनच सुरू होत होती, काही मधेच तुटत होती. कुठलं हळदीचं, कुठलं तेलाचं, कुठलं नवरी निघतानाचं, मला काय कळणार? सुरेखाला फोन केला. ती म्हणाली, "थोडी मी वलखीन. पण क्रम फक्त आयेला ठाव." आणि मग दोघींनाही प्रश्न पडला, तो क्रम आता विचारायचा कसा?

मी मशीन घेऊन कळंबला गेले. हिराबाय खाटेवर उशांना टेकवून बसवलेली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, नथ मात्र घातलेली. मला बघून डावा हात उचलला. ओळखलं होतं तिने. समजत सगळं होतं, फक्त बोलता येत नव्हतं. शब्दापर्यंत यायची आणि नुसताच आवाज निघायचा, मग चिडून तोंड फिरवायची.

स्पीकर जोडले आणि सगळे थबकले. जगदीश दारातच उभा. "नको ताई," तो म्हणाला. "मांडव नाही, काही नाही. परत काही झालं म्हणजे?"

"आनि लग्नात कोन गाईल?" सुरेखा म्हणाली. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत असावी, असं मला वाटलं. "तुमचे काका?"

"सुरेखा, तिला उरलंसुरलं पण..."

"आपन तिलाच ईचारू. तिची गानी हायत."

सुरेखा खाटेपाशी बसली आणि सगळं सांगितलं. काय पुसलं, का पुसलं, विसर्जनासकट. काही लपवलं नाही. हिराबाय ऐकत होती. मग तिने जगदीशला डाव्या हाताने जवळ बोलावलं. तो वाकला तसा त्याच्या गालावर तो हात आपटला. थप्पड म्हणावी तर हलकी होती, कुरवाळणं म्हणावं तर जोरात. जगदीश लहान पोरासारखा रडायला लागला. मी स्पीकरची वायर उगाचच काढून परत लावली.

हिराबायचा हात आता दाराकडे दाखवत होता. कुणाला कळेना. सुरेखाने पाणी आणलं, ते नको. चादर, ती नको. हात दाराच्या चौकटीकडे, मग जमिनीकडे, परत चौकटीकडे. मग सुरेखा उठली आणि बाहेर गेली. येताना आंब्याचा टहाळा घेऊन आली, चौकटीला बांधला, खाली पाट मांडला, पाटावर तांदळाची मूठ ठेवली. "झाला मांडव, आये?"

हिराबायने डोळे मिटले.

मी पहिली फाइल लावली. तिच्याच आवाजाने खोली भरली, मागे मांडवातला गलका, कुणाचं तरी पोर रडतंय, ताशा. तिने हात उचलून बोट हलवलं. ही पहिली नाही. दुसरी लावली. नाही. असं करत करत एका गाण्याला बोट थांबलं, आणि सुरेखाने लगेच पहिली ओळ सोबत धरली. असं आम्ही बराच वेळ करत होतो. मी आकडे खोडून नावं घालत होते, तेलाचं, मुहूर्ताचं, उंबराचं. सुरेखाचा चेहरा हळूहळू सैल होत होता. जगदीश खाटेच्या पायाशी बसून होता.

मग हळदीचा धवला लागला. फार सुंदर चाल होती ती, संथ.

*पयली हलद कोनाची, दर्याच्या देवाची,*
*दुसरी हलद कोनाची, येशीच्या आयेची,*
*तिसरी हलद कोनाची...*

आणि फाइल तुटली. तिथे गेम लिहिला गेला होता. मी आधी ऐकली होती, मला माहीत होतं इथे तुटते म्हणून, तरी मी आवाज वाढवून बघितला. सुरेखा माझ्याकडे बघायला लागली. "म्होरं?" मी म्हटलं, "पुढे नाही. दुसऱ्या डिस्कवरही नसणार." सुरेखा कपाळ चोळत म्हणाली, "मला पन ठाव नाय, ताई. गलबल्यात ऐकलेलं. आये, तिसरी कोनाची गं?" हिराबायने तोंड उघडलं. घशातून तसाच तुटका आवाज आला. तिने तोंड फिरवलं.

"परत लावा," जगदीश म्हणाला.

"तिथेच तुटणार."

"तुटेपर्यंत लावा."

लावली. पहिली हळद, दुसरी हळद. हिराबायचे डोळे मिटलेले. 'तिसरी हलद कोनाची', आणि पुन्हा ती शांतता. त्या शांततेत कुणीतरी गायलं. आवाज फाटका होता, शब्द वाकडे येत होते, पण चाल अगदी तीच, जिथे तुटली होती तिथून उचललेली.

*जल्म दिला तिची.*

सुरेखाचा हात तोंडावर गेला. हिराबाय थांबली नाही. चौथी हळद कुणाची, तेही गायली, आणि पाचवी. माझी बोटं सवयीने माउसवर गेली होती. रेकॉर्डिंगचं बटण समोर, पण माइक दुकानात राहिला होता. सगळ्या गोष्टींच्या दोन-दोन प्रती ठेवायला सांगणारी मी, तशीच बसून राहिले. धवला संपला. हिराबायने ओठांवरून जीभ फिरवली, काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, शब्द आला नाही. शेवटी अंगठा तोंडाशी नेऊन खूण केली. पाणी हवं होतं.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं कधीकधी. बोलण्याची जागा मेंदूत वेगळी, गाण्याची वेगळी. एक गेली तरी दुसरी राहते. जगदीशने मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, कळलं, हे तरी मला समजावू नका. आम्ही सगळी गाणी तशीच काढली. जिथे फाइल तुटायची तिथून पुढे हिराबायवर सोडायचं. नुसतं विचारलं तर काही नाही, पण चाल धरून नेलं की पुढचं येत असे. सुरेखा रोज स्पीकरपाशी बसून तिच्या मागे गायची. पाटावरचा तांदूळ त्यांनी लग्नापर्यंत उचलला नाही.

लग्नाला मला पहिल्या ओळीत बसवलं होतं, आणि मला पहिल्या ओळीत बसणं म्हणजे शिक्षा. उठता येत नाही. मांडवात थोरले काकाही होते, पांढरी टोपी, हातात काठी, आणि सुरेखाकडे अशी नजर की बघू काय करतेस. हिराबायला खुर्चीत आणून बसवलं होतं, नव्या लुगड्यात. नवरीला पाटावर घेतलं. सुरेखाने हळदीचा धवला उचलला. पहिल्या ओळीला आवाज जरा कापला, दुसरीला बसला. बायका मागून ओळ ओढू लागल्या. पहिली हळद दर्याच्या देवाची. दुसरी हळद वेशीच्या आईची.

"तिसरी हलद कोनाची," सुरेखा गायली, आणि थांबली.

मांडव गप्प झाला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकांनी काठी जमिनीवर टेकवली. मला वाटलं, विसरली. इतकं पाठ केलं आणि नेमकं इथे विसरली. पुढची ओळ मला येत होती, ऐकून ऐकून ओठांवर आली होती. मी खुर्चीतून उठलेसुद्धा. तेव्हा दिसलं, सुरेखाची मान वळलेली आहे. ती आठवत नव्हती. ती हिराबायकडे बघत होती, वाट बघत होती, आणि घाई कसली ती तिच्या चेहऱ्यावर नव्हतीच.

खुर्चीतून आवाज आला. फाटका, वाकडा, वाडीच्या त्या टोकाला मुळीच जाणार नाही एवढासा. काकांच्या हातातली काठी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

मी खाली बसले.